आडवं जाणं

ट्रॅव्हर्स.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी टाइप करताना हा शब्द चुकवला,
तेव्हा गॅफ्नीसाहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"नॉर्मन लोकांनी आयर्लंडात आणला, आणि न्यायचा विसरले.
अर्थ सोपा आहे. आडवं जाणं.
माणूस शेताला आडवा गेला तर शेत ओलांडतो.
म्हणण्याला आडवा गेला तर ते म्हणणं नाकारतो.
आपलं पोट दुसऱ्यावर."

नुसतं नाही म्हणणं वेगळं.
ते तर पोरही म्हणतं, चमचा तोंडाशी आला की.
या क्रियापदाला समास लागतो, क्रमांक लागतात,
पानांच्या कोपऱ्यात ओवलेला हिरवा दोरा लागतो.
समोरच्याचा एकेक परिच्छेद घ्यायचा
आणि त्याच्या वाटेत उभं राहायचं:
खरे नाही. मान्य नाही. कबूल नाही.
जो राहिला, तो कबूल झाला.
गप्प बसलेल्यावर कायदा रागावत नाही,
तो फक्त लिहून घेतो.

नोव्हेंबरात डिम्फ्ना कॉरिगन आली.
कोटाला पीटच्या धुराचा वास, हातात मॅलकी टूहीचा दावा.
सात परिच्छेद.
की तो वीस वर्षं आणि वर एक हिवाळा
तिच्या खालच्या शेतातून पायी जात आला,
जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही,
कुणाच्या परवानगीनेही नाही,
सबब ती वाट आता त्याची.
पीट आणायला जात असे, असं तिसऱ्यात होतं.
नवव्या तासाला, अंधारात, रिकाम्या हाताने
कोण पीट आणायला जातं, ते कशातच नव्हतं.

"दोन रस्ते आहेत," गॅफ्नीसाहेब म्हणाले.
"एक, ट्रॅव्हर्स. तो कधी आलाच नाही.
दुसरा, कबूल करून निसटायचं:
आला, पण तुम्ही येऊ दिलंत म्हणून.
परवानगी होती म्हटलं की त्याचा हक्क मेला.
मी असतो तर दुसरा घेतला असता."
ती हातमोज्याचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
"परवानगी हा शब्द तिथं मोठ्यानं वाचतात?"
"वाचतात."
"सगळ्यांपुढं?"
"सगळ्यांपुढं."
"मग तो आलाच नाही."

दुपारभर मी त्याला न आलेला करत होते.
एका वाक्यात ते क्रियापद दोनदा पडलं:
त्यानं ट्रॅव्हर्स केलं, हे ती ट्रॅव्हर्स करते.
मी कागद फिरवून वर घेतला, पुन्हा वाचला.
तेच अक्षर न अक्षर, एक कुंपण चढून आत येणारं,
एक कुंपणाशी उभं.
रिबन फिकी पडली होती, दुसरं जरा पुसट उठलं.

सहीच्या दिवशी तिनं बोट ठेवून वाचलं,
चर्चमध्ये वाचतात तसं, ओठ हलवत.
सहाव्याशी थांबली.
सहाव्यात त्याचं म्हणणं एवढंच होतं
की हिवाळ्यात मागच्या खिडकीत दिवा असे,
पलीकडून येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून.
त्याखाली माझं: खरे नाही, मान्य नाही, कबूल नाही.
"हे काढा."
"काढलं तर ते कबूल होतं, मिसेस कॉरिगन."
"ठाऊक आहे. तुमच्या पोरीला विचारून घेतलंय जिन्यात."
गॅफ्नीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कार्बन पेपर सरळ करू लागले.

पान पुन्हा टाइप केलं. पाचानंतर सात.
साहेब म्हणाले, बहुतेक हरणार आपण.
ती छत्री विसरून गेली, अजून आहे दाराशी.

स्लायगोच्या कोर्टातून कारकुनाचा दोनदा फोन आला.
सहावा राहिलाय, मिस, टायपिंगची चूक असेल.
दोन्ही वेळा मी म्हटलं,
नाही.